उलटा निकाल आणि एक सेकंद

ताई,
मी मानसशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी, दुसरं वर्ष. प्रबंधासाठी अवधानावरचा एक प्रयोग संगणकावर करायचा आहे. प्रोग्रामिंगची पाटी कोरी. पायथन शिकायला दोनदा बसले, दोन्ही वेळा मध्येच सुटलं. शेवटी सायकोपाय हे प्रयोग बांधायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि त्यातल्या चौकटी ओढून-जोडून मानसशास्त्रज्ञ पोस्नर यांचा इशाऱ्याचा प्रयोग कसाबसा उभा केला. मध्यभागी अधिकचिन्ह, दोन बाजूंना दोन चौकोन. एका चौकोनाची कड उजळते, एक सेकंदाने कुठल्या तरी एका चौकोनात ठिपका येतो, ठिपका दिसला की स्पेसबार दाबायचा. एक सेकंद अशासाठी की इशारा सगळ्यांना नीट दिसावा. निम्म्या वेळा ठिपका उजळलेल्या बाजूला येतो, निम्म्या वेळा दुसऱ्या. आठ मैत्रिणींवर करून पाहिला तर उजळलेल्या बाजूला त्या उलट हळू निघाल्या! पुस्तकात तर जलद होतात असं दिलंय. संगणकशास्त्र शिकलेला भाऊ म्हणतो, आधी पायथन नीट शीक, ही ओढाओढ म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे. मैत्रीण म्हणते, हे सोड आणि स्ट्रूपचा रंग-शब्दांचा प्रयोग कर, तो सोपा. हातात चार महिने आहेत. काय करू?
— गोंधळलेली

प्रिय मैत्रिणी,

आधी निकालाचं बोलते, कारण सगळ्यात जास्त धसका तू त्याचाच घेतलेला दिसतेस. तुझा प्रोग्राम बहुधा बरोबर चाललाय. तुला जे दिसलं ते मायकेल पोस्नर आणि योआव कोहेन यांनी १९८४ साली मांडलेलं आहे. नजरेच्या कडेला काही अचानक उजळलं की लक्ष आपसूक तिकडे ओढलं जातं. त्यानंतर लगेच, शंभरेक मिलिसेकंदांत, त्याच जागी ठिपका आला तर हात पटकन चालतो. पण तिथे काहीच आलं नाही तर लक्ष तिथून निघतं, आणि एकदा निघालं की त्या जागी परत जायला कुरकुरतं. साधारण तीनशे मिलिसेकंदांच्या पुढे इशाऱ्याचा फायदा संपून तोटा सुरू होतो. तू इशारा आणि ठिपका यांच्यातलं अंतर ठेवलंस हजार मिलिसेकंदांचं. या परिणामाला इंग्रजीत 'इनहिबिशन ऑफ रिटर्न' म्हणतात. मी वर्गात त्याला 'परतीची आडकाठी' म्हणते.

मग पुस्तकातलं खोटं का? तेही खरंच आहे, पण तो प्रयोग वेगळा. पोस्नर यांच्या ज्या प्रयोगाची आकृती बहुतेक पुस्तकांत असते त्यात इशारा म्हणजे मध्यभागी दिसणारा बाण असतो आणि तो दहातल्या आठ वेळा खरा ठरतो. तिथे माणूस बाणावर भरवसा ठेवून स्वतः लक्ष त्या बाजूला नेतो आणि धरूनही ठेवतो, म्हणून सेकंदभर थांबलं तरी फायदा टिकतो. तुझा इशारा कडेला आहे आणि निम्म्या वेळा खोटा, म्हणजे तो ठिपक्याबद्दल काहीच सांगत नाही. तिथे लक्ष धरून ठेवायला कुणाला कारणच नाही. दोन्ही प्रयोग पोस्नर यांच्याच नावाने ओळखले जातात, म्हणून ही गल्लत पुष्कळांची होते.

आठ जणींच्या आकड्यांवरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही, हे खरं. पण आलेल्या निकालाला एक नीट कारण आहे आणि ते तपासायला तुला नवा प्रयोग लागणार नाही. अंतर एकाऐवजी दोन ठेव, एक शंभर मिलिसेकंदांचं, एक आठशेचं, आणि ती सरमिसळ करून दाखव. लहान अंतरावर उजळलेली बाजू जलद आणि मोठ्या अंतरावर हळू, असं उलटपालट दिसलं तर तुझा प्रबंध मूळ योजनेपेक्षा कितीतरी चांगला होईल.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. तो एक सेकंद तू सोयीसाठी टाकलास. तुझ्या दृष्टीने ती किरकोळ बाब होती आणि निकाल नेमका तिनेच ठरवला. मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांचे प्रयोग बघतेय. 'मला प्रोग्रामिंग येत नाही' असं सांगत जी मुलं येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचं घोडं प्रयोगातल्या न ठरवलेल्या गोष्टींवर अडलेलं असतं. ठिपका किती वेळ दिसायचा? कुणी कळ दाबलीच नाही तर किती थांबायचं? ठिपका यायच्या आधीच कुणी कळ दाबली तर? माणूस अशा प्रश्नांवरून सहज उडी मारतो. संगणकाला ती उडी येत नाही. तो अडतो, आणि आपल्याला वाटतं आपण त्याच्या भाषेत कच्चे आहोत.

म्हणून पहिलं काम कागदावरचं. एकच ट्रायल, म्हणजे प्रयोगातली एक फेरी, घे आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत मराठीत लिही, समोर बसून बघतेयस अशी. उदाहरणार्थ: पडद्यावर अधिकचिन्ह आणि दोन रिकामे चौकोन येतात. ते ८०० ते १२०० मिलिसेकंदांपर्यंत राहतात, दर वेळी वेगळा काळ, नाहीतर माणसाला ताल सापडतो आणि तो तालावर कळ दाबू लागतो. मग एका चौकोनाची कड ५० मिलिसेकंद उजळते आणि पूर्ववत होते. उजळायला सुरुवात झाल्यापासून १०० किंवा ८०० मिलिसेकंदांनी ठिपका येतो. कळ दाबेपर्यंत किंवा जास्तीत जास्त दीड सेकंद ठिपका राहतो. ठिपक्याआधी कळ दाबली गेली तर 'घाई झाली' अशी सूचना येते आणि ती ट्रायल वाया गेली अशी नोंद होते. मग एक सेकंद रिकामा पडदा. बस्स. तुझा अख्खा प्रयोग म्हणजे ही एक ट्रायल, कोष्टकातली एकेक ओळ वाचत पुन्हा पुन्हा चालवलेली.

ते कोष्टकही हाताने आख. स्तंभ तीन: इशारा कुठल्या बाजूला, ठिपका कुठल्या बाजूला, अंतर किती. प्रत्येकाच्या दोन शक्यता, म्हणजे आठ ओळी. त्यात आणखी दोन ओळी घाल, ज्यांत इशारा येतो पण ठिपका येतच नाही. या फसव्या ट्रायल्स फार महत्त्वाच्या. त्या नसतील तर काही मिनिटांत माणूस ठिपका बघायचं सोडून इशारा दिसला की अंदाजाने कळ मारायला लागतो. तुझ्या वर्णनात त्या नाहीत. दहा ओळी सोळा वेळा म्हणजे १६० ट्रायल्स. एकेक साधारण तीन सेकंदांची धरली तर सगळं मिळून आठेक मिनिटं. दर चाळीस ट्रायल्सनंतर विश्रांती दे, आणि ती किती घ्यायची हे समोरच्या माणसाला ठरवू दे. ओळींचा क्रम संगणकाने पिसायचा, पत्ते पिसतो तसा. प्रत्येक वेळी नव्याने नाणं उडवून बाजू ठरवू नकोस. त्याने एका माणसाला डावीकडे चौऱ्याहत्तर आणि उजवीकडे चोपन्न ठिपके मिळू शकतात. पिसल्याने क्रम बदलतो, मोजमाप तेवढंच राहतं.

हे कोष्टक सायकोपायला सरळ फाइल म्हणून देता येतं. ज्याला प्रोग्रामिंगमध्ये लूप म्हणतात तो म्हणजे ही फाइल एकेक ओळ वाचत जाणं. हे लक्षात आलं की अर्धी धास्ती जाते, असं मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

तुझ्या भावाचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते त्याच्या कामासाठी खरं आहे. तुला संकेतस्थळं किंवा बँकेची प्रणाली उभी करायची नाही. प्रयोगासाठी पायथनमधल्या पाच गोष्टी पुरतात: नाव देऊन किंमत साठवणं, यादी, लूप, जर-तर, आणि फाइलमध्ये लिहिणं. तू दोनदा सोडून दिलंस याचंही मला नवल वाटत नाही. शिकवणीतल्या व्हिडिओंत मूळ संख्या शोधतात, वस्तूंच्या किमतींची बेरीज करतात. तुला ज्याची ओढ आहे त्यातलं त्यात काहीच नसतं. शिकायचं ते प्रयोगाच्या निमित्तानेच शीक.

आणि ओढाओढीबद्दल अजिबात कमीपणा वाटून घेऊ नकोस. जोनाथन पीअर्स यांनी नॉटिंगहॅम विद्यापीठात सुरू केलेलं सायकोपाय मोफत आहे, त्याचा स्रोत खुला आहे, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत त्यावर प्रयोग चालतात. त्यातला बिल्डर, म्हणजे तू वापरलास तो भाग, मागच्या बाजूला पायथनचाच प्रोग्राम लिहीत असतो. एक कळ दाबून तो बघता येतो. बघ जरूर, पण त्याच्या लांबीला घाबरू नकोस. यंत्राने लिहिलेला असल्यामुळे तो विनाकारण लांबलचक असतो, हाताने लिहिला तर तोच प्रयोग फार थोड्या ओळींत बसतो. ओपनसेसमी, सायटूलकिट, ब्राउझरमध्ये चालणारं जेएससाइक, मॅटलॅबवालं सायकटूलबॉक्स अशी दुसरी साधनंही आहेत. चार महिन्यांत साधन बदलत बसू नकोस. जे हाती आहे ते चांगलं आहे.

मात्र बिल्डरवर थांबूही नकोस. रोज संध्याकाळी तासभर काढ आणि हाताने दोन छोटे प्रयोग लिही.

पहिला म्युलर-लायर यांचा भ्रम. मी नवख्यांना सुरुवात कायम याच्यापासून करायला लावते, कारण यात वेळ मोजायचीच नसते, त्यामुळे चुकायच्या निम्म्या जागा आपोआप कमी होतात. फ्रान्झ म्युलर-लायर यांनी १८८९ साली तो प्रसिद्ध केला: सारख्या लांबीच्या दोन रेषा, एकीच्या टोकांना आत वळलेले पंख, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. बाहेर उघडलेल्या पंखांची रेषा लांब भासते. तुझं काम एवढंच की एक रेषा ३०० पिक्सेलची पक्की ठेवायची, दुसरी बाणांच्या कळांनी लहानमोठी करू द्यायची, आणि 'आता सारख्या दिसतात' असं वाटलं की एंटर. साठवायचा तो एक आकडा. वीस वेळा कर. इथे प्रयोगशास्त्राचा एक सुंदर धडा हातात येतो. बदलणारी रेषा दर वेळी लहानच सुरू केली तर लोक जरा अलीकडेच थांबतात, मोठीच सुरू केली तर पलीकडे. म्हणून सुरुवातीची लांबी दोन्ही बाजूंनी हवी, कधी २४०, कधी ३६०. गुस्ताव फेख्नर यांनी १८६० च्या आपल्या ग्रंथात संवेदन मोजायच्या ज्या पद्धती मांडल्या त्यांतलीच ही एक. दीडशेहून अधिक वर्षं जुनी पद्धत पंचवीस-तीस ओळींत तुझ्या पडद्यावर जिवंत होते, आणि स्वतःला भ्रम होतोय हे पक्कं माहीत असूनही तो होतच राहतो. मला अजूनही ते बघताना आनंद होतो.

दुसरा साधा प्रतिक्रिया काल: ठिपका आला की कळ. यात थांबणं, दाखवणं, घड्याळ, कळ आणि नोंद ही तुझ्या मोठ्या प्रयोगाची सगळी हाडं आहेत. निरोगी तरुण माणसाचा आकडा साधारण २०० ते ३०० मिलिसेकंदांत पडतो. तुझा सतत ४०० येत असेल किंवा ९० येत असेल तर प्रोग्राममध्ये काहीतरी गडबड आहे, पुढे जाऊ नकोस.

प्रोग्राम कुठून तरी उचलून बदलायला काही हरकत नाही, यंत्राकडून लिहून घ्यायलाही नाही. माझा नियम एकच: प्रत्येक ओळ काय करते ते मराठीत मोठ्याने सांगता आलं पाहिजे. जी सांगता येत नाही ती तोवर ठेवू नकोस. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, मग चालवून बघ. पाच गोष्टी बदलून मग चालवलं तर बिघाड कुठे झाला हे शोधण्यात रात्र जाते.

आता वेळेबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक इथे फार सैल वागतात आणि मग निकालांवरून भांडतात.

पडदा सलग बदलत नाही. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा (म्हणजे ६० हर्ट्झ) चित्र बदलतो, म्हणजे दर १६.६७ मिलिसेकंदांनी एकदा. या एका चित्राला फ्रेम म्हणतात. तू ५० मिलिसेकंद म्हणालीस तर तीन फ्रेम्स, १०० म्हणालीस तर सहा, ८०० म्हणालीस तर अठ्ठेचाळीस. मी वर हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. ८० मिलिसेकंद मागितलेस तर ते या पडद्यावर शक्यच नाही. एकतर चार फ्रेम्स, म्हणजे सुमारे ६७ मिळतील, नाहीतर पाच, म्हणजे सुमारे ८३, आणि कोणते मिळाले हे तुला कळणारही नाही. म्हणून छोटे काळ मिलिसेकंदांत न मागता फ्रेम्स मोजून माग. सायकोपायमध्ये तशी सोय आहे. प्रबंधातही 'तीन फ्रेम्स, ६० हर्ट्झ' असं लिही. पडदा १२० किंवा १४४ हर्ट्झचा असेल तर हिशेब बदलेल, तेव्हा आधी तुझ्या पडद्याचा आकडा तपासून घे.

घड्याळ शून्यावर आणायचं ते ठिपका काढायला सांगितल्याच्या क्षणी नव्हे, तर पडद्यावर फ्रेम खरोखर बदलली त्या क्षणी. सायकोपायमध्ये चित्र आधी पडद्यामागे तयार होतं आणि मग पुढचं-मागचं पान उलटतं. घड्याळ त्या उलटण्याला बांधता येतं. तू हाताने लिहिशील तेव्हा ही ओळ विसरू नकोस. प्रयोग पूर्ण पडद्यावर चालव, लॅपटॉप चार्जरला लाव, दुसरा पडदा जोडलेला असेल तर काढ, आणि ब्राउझर, संदेश, संगीत सगळं बंद कर. एखादी फ्रेम हुकली तर सायकोपाय त्याची नोंद करू शकतं. ती नोंद चालू ठेव.

कीबोर्डही थोडा उशीर करतो, तोही दर वेळी सारखा नाही. त्याने खचून जाऊ नकोस. तुला एकाच माणसाच्या दोन प्रकारच्या ट्रायल्समधला फरक हवा आहे. फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८६८ साली प्रतिक्रिया काळांची वजाबाकी करून मनाच्या एखाद्या कामाला लागणारा वेळ काढायचा विचार मांडला. त्या वजाबाकीत ठरावीक उशीर दोन्हीकडून कापला जातो. उरतो तो कमीजास्त होणारा भाग, आणि तो ट्रायल्स वाढवल्या की सरासरीत शमतो. फक्त सगळ्यांसाठी एकच संगणक आणि एकच कीबोर्ड वापर.

बसण्याच्या अंतराचंही बघ. पडद्यापासून ५७ सेंटीमीटरवर बसलं तर पडद्यावरचा एक सेंटीमीटर डोळ्याशी जवळजवळ बरोबर एक अंशाचा कोन करतो. हा आकडा लक्षात ठेवला की हिशेब सोपे होतात: चौकोन मध्यापासून सात अंशांवर हवेत तर सात सेंटीमीटर. पिक्सेलमध्ये मापलंस तर दुसऱ्या पडद्यावर सगळं बदलेल. आणि सूचनांत स्पष्ट सांग की नजर अधिकचिन्हावरच ठेवायची. शंभर मिलिसेकंदांच्या अंतरात डोळे हलवायला वेळच मिळत नाही, कारण नजर उचलायलाच साधारण दोनशे लागतात. पण आठशेच्या अंतरात ती सहज हलू शकते. डोळ्यांवर नजर ठेवणारं यंत्र तुझ्याकडे नसेल, तेव्हा ही मर्यादा प्रबंधात कबूल कर.

पहिल्या खऱ्या सहभागीला बसवण्याआधी स्वतः पूर्ण १६० ट्रायल्स कर आणि फाइल उघड. एका ट्रायलला एक ओळ, आणि त्या ओळीत सगळं: सहभागीचा क्रमांक, ट्रायलचा क्रमांक, इशाऱ्याची बाजू, ठिपक्याची बाजू, अंतर, कळ दाबली का, किती वेळाने. माझ्या अगदी पहिल्या प्रयोगात उद्दीपकाची, म्हणजे पडद्यावर दाखवलेल्या वस्तूची, बाजू साठवायची राहून गेली होती. वीसहून अधिक लोकांनी मन लावून कळा दाबल्या आणि त्यांचा वेळ मी अक्षरशः फुकट घालवला. ते आठवलं की आजही वाईट वाटतं. फाइल उघडून प्रत्येक प्रकारच्या ट्रायल्स मोज. तुझ्या कोष्टकाप्रमाणे इशाऱ्याची बाजू, ठिपक्याची बाजू आणि अंतर यांच्या प्रत्येक जुळणीला सोळा यायला हव्यात आणि फसव्या एकूण बत्तीस. मग एका प्रकारची सरासरी कॅल्क्युलेटरवर काढ आणि संगणकाने काढलेल्या आकड्याशी ताडून बघ. मुद्दाम चुकाही करून बघ: आधीच कळ दाब, अजिबात दाबू नकोस, मध्येच बाहेर पड. नोंद जिथल्या तिथे व्हायला हवी.

कुठल्या ट्रायल्स गाळायच्या हे आकडे बघण्याआधी कागदावर लिहून तारीख टाक. शंभर मिलिसेकंदांच्या आतली कळ ही ठिपका बघून दाबलेली असू शकत नाही, ती गाळ. वरची मर्यादा एक सेकंद ठेवलीस तर ठीक. फसव्या ट्रायल्समध्ये कितीदा कळ दाबणाऱ्याची माहिती वगळायची, तेही आधीच ठरव. प्रत्येक माणसाचा प्रत्येक प्रकारातला मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढ, कारण एखाददुसरी फार हळू प्रतिक्रिया सरासरीला ओढून नेते. आणि तुलना एकाच अंतराच्या आत कर. मोठ्या अंतराला लोक एकूणच जलद होतात, कारण वाट बघता बघता 'आता येणारच' अशी तयारी होते. १०० ची ८०० शी थेट तुलना केलीस तर ते तयारीचं मोजमाप होईल, इशाऱ्याचं नाही.

समोर बसणाऱ्या माणसांबद्दल थोडं. संमती लेखी घे, कधीही उठून जाता येईल हे तोंडानेही सांग, फाइलमध्ये नाव न लिहिता क्रमांक लिही, आणि संपल्यावर प्रयोग कशाबद्दल होता ते समजावून दे. पुढे कधी चित्रं लुकलुकणारा प्रयोग केलास (चित्रातला बदल लोकांच्या ध्यानात का येत नाही हे दाखवणाऱ्या प्रयोगांत तसं करतात) तर अपस्मार असलेल्यांना बसवू नकोस. काहींना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो.

मैत्रिणीचा स्ट्रूप आता. तो समजायला सोपा आहे, बांधायला नाही. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली तो छापील कार्डांवर केला होता. लोक शब्द न वाचता त्याच्या शाईचा रंग मोठ्याने सांगत आणि शंभर शब्दांच्या अख्ख्या कार्डाला किती वेळ लागला ते मोजलं जाई. भलत्याच रंगात छापलेल्या रंगाच्या नावाची शाई ओळखायला, नुसते रंगाचे ठोकळे ओळखण्यापेक्षा सुमारे ७४ टक्के जास्त वेळ लागला होता. कळा दाबून केलं की परिणाम बराच लहान होतो, शिवाय कुठली कळ कुठल्या रंगाची हे आधी घोटून घ्यावं लागतं. लाल-हिरवा वेगळा न दिसणारे लोक असतात, त्यांचा विचार करावा लागतो. आणि मराठीत करायचा तर 'लाल' आणि 'हिरवा' यांची लांबी वेगळी. काही साधनांत देवनागरीची मोडतोडही होते, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. त्यावर उपाय म्हणजे शब्दांची चित्रं बनवून तीच दाखवायची. हे सगळं जमण्यासारखं आहे, पण तुझा प्रयोग अर्ध्याच्या वर उभा राहिलेला असताना तो टाकून याच्या मागे लागायचं कारण मला दिसत नाही.

मार्गदर्शकांकडे जाशील तेव्हा ट्रायलचा तो कागद, दहा ओळींचं कोष्टक आणि आठ मैत्रिणींचा उलटा निकाल, तिन्ही घेऊन जा. एक सेकंदाचं काय झालं ते सांग आणि दोन अंतरांची परवानगी माग. त्या आठ फायली पुसू नकोस, पूर्वतयारीचा भाग म्हणून प्रबंधात त्यांचा उल्लेख कर. पण मुख्य माहितीत त्या मिसळू नकोस आणि त्या आठ जणींना पुन्हा बसवूही नकोस. त्यांना आता इशारा निम्म्या वेळा खोटा असतो हे माहीत झालंय, आणि एव्हाना तू त्यांना निकालही सांगून टाकला असशील.

तुझी,
ताई